आधी ऊब, मग दूध

प्रश्न : ताई, आमच्या अंगणात येणारी एक मांजर ११ दिवसांपूर्वी माळ्यावरच्या खोक्यात व्यायली. तिची ही पहिलीच वेळ. तीन पिल्लं आहेत. पहिला आठवडा छान गेला. गेल्या दोन दिवसांत मात्र पिल्लं पोटाशी शिरली की ती गुरगुरते, उठून लांब जाऊन बसते. रात्री कधीतरी येऊन त्यांना चाटते, पण पाजत नाही. तिच्या पोटाखाली एका बाजूला कडक गाठ लागते, तिथे हात लावू देत नाही. आमचं घर शाकाहारी आहे, तिला आम्ही दूधपोळी घालतो. सासूबाई गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पिल्लांना पाजतात. त्यांच्या माहेरी असंच करायचे. कालपासून एका पिल्लाला पातळ शी होतेय. सगळ्यात लहान पिल्लू हाताला गार लागतं आणि ओरडतही नाही. आम्ही पिल्लांना हात लावला म्हणून मांजरीनं त्यांना टाकलं का? दूध कोणतं आणि किती द्यायचं? तीन आठवड्यांची झाली की दूधपोळी कुस्करून चालेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळींचा निरोप पाठवला होता : लहान पिल्लाला आधी ऊब द्या, आणि मांजरीला आजच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. आता सविस्तर लिहिते, कारण अशाच पेचात सापडलेली आणखी बरीच घरं हे वाचत असतील.

सुरुवात त्या गार पिल्लापासूनच करू. आईचं दूध तुटलेलं पिल्लू हाताशी आलं की आपल्याला वाटतं, बिचारं भुकेलं असेल, आधी दोन थेंब पोटात जाऊ देत. इथेच पिल्लं हातची जातात. पिल्लाचं अंग गार पडलं की त्याची आतडी जवळजवळ थांबतात. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, ते पोटात तसंच राहून नासतं. शिवाय गार पिल्लाला धड गिळता येत नाही, त्यामुळे दूध श्वासनलिकेत उतरतं. उपाशी पिल्लू उबेत काही तास निभावून नेतं. गार पिल्लाला घाईनं पाजलेलं दूध मात्र त्याच्या जिवावर बेततं.

पिल्लू गार आहे की नाही हे त्याच्या पाठीला हात लावून नीट कळत नाही. स्वच्छ धुतलेल्या करंगळीचं टोक हलकेच त्याच्या तोंडात घालून बघा. आत ऊब लागली आणि पिल्लानं बोट चोखायला सुरुवात केली, तर ते दूध प्यायला तयार आहे. तोंड आतून गार लागलं किंवा जीभ हललीच नाही, तर दूध बाजूला ठेवा. घरात डिजिटल थर्मामीटर असेल आणि गुदद्वारातून ताप बघणं जमत असेल, तर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली पाजायचं नाही, हा आकडा लक्षात ठेवा. असं पिल्लू पातळ कापडात गुंडाळून आपल्या अंगाशी, पदराखाली किंवा शर्टाच्या आत धरा. तास-दोन तास लागतात, लागू द्या. हेअर ड्रायरचा झोत मारून किंवा गरम पाण्यात बुडवून झटपट शेकायला जाऊ नका, एकदम दिलेली उष्णता त्याला सोसत नाही. पिल्लू अगदीच मलूल असेल, तर चिमूटभर साखर कोमट पाण्यात विरघळवून तिचा एक थेंब बोटानं हिरड्यांना चोळा आणि तसंच त्याला घेऊन डॉक्टरांकडे निघा. वाटेतही ऊब सुटू देऊ नका.

बाकीच्या दोघांनाही उबेची सोय हवी. जन्मल्यावर पहिला आठवडाभर मांजराच्या पिल्लाला कुडकुडताही येत नाही, आणि पुढे तीन-चार आठवडे होईपर्यंत स्वतःची ऊब पुरेशी धरून ठेवता येत नाही. उंच कडांचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. खाली जुनी सुती साडी चौपदरी घडी करून घाला. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात. शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरा, उकळत्या नव्हे, ती कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. पिल्लं एकावर एक चढून चिकटून बसली असतील तर त्यांना गार वाटतंय. लांब लांब पसरून तोंड उघडं टाकून पडली असतील तर उकडतंय. दर तीन-चार तासांनी पिशवीतलं पाणी बदला. रात्री दोनच्या पाजण्याला उठाल तेव्हाच ते उरकून घ्या. पिशवीला लाइट लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी ऊब तुटत नाही. म्हणून बल्बपेक्षा मला ती बरी वाटते.

आता त्या आईबद्दल. तुम्ही विचारलंय, हात लावल्यामुळे तिनं पिल्लं टाकली का? नाही. माणसाचा वास लागला म्हणून मांजर पिल्लांना सोडत नाही, निदान रोज अंगणात येऊन तुमच्या हातचं खाणारी तर नाहीच. सारखी उचलाउचल, शेजारची मुलं बघायला येणं, खोकं इकडून तिकडे हलवणं यानं ती बिथरते आणि पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. आपल्याकडे मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात ते यातूनच आलेलं. पण तुमची मांजर पिल्लं हलवत नाहीये, रात्री येऊन त्यांना चाटते आहे. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पिल्लं टाकलेली मांजर चाटायला येत नाही. पिल्लं पोटाशी शिरली की गुरगुरणं, एका बाजूला कडक गाठ, तिथे हात लावू न देणं, हे सगळं एकत्र पाहिलं तर तिच्या एका सडाला सूज आली असावी असं मला वाटतं. दूध साचून किंवा पिल्लांच्या नखांचे ओरखडे लागून जंतुसंसर्ग होतो, सड लाल, गरम आणि दगडासारखा कडक होतो. अशा सडाला पिल्लू झोंबलं की तिला जी कळ येत असेल, तिचा अंदाज बाळाला अंगावर पाजताना गाठ झालेल्या कुठल्याही आईला येईल. तिनं पिल्लांकडे पाठ फिरवलेली नाही, तिला दुखतंय.

म्हणून तिला दवाखान्यात नेणं हा पिल्लांच्या उपचाराचाच भाग समजा. ताप आहे का, गाठीत पू झालाय का, आत एखादं पिल्लू किंवा जार राहिलाय का, हे डॉक्टर तपासतील आणि पाजणाऱ्या मांजरीला चालेल असं औषध देतील. मांजरीला साधारण आठ सड असतात. एक दुखरा असला तरी उरलेल्यांवर तीन पिल्लं पोसली जाऊ शकतात, फक्त दुखऱ्या सडाला पिल्लं लावायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. दुखणं उतरलं की पहिलटकरीण पुन्हा पाजायला लागते, असं पुष्कळदा होतं. तोवर पिल्लांना तिच्यापासून तोडू नका. पाजत नसली तरी तिचं चाटणं, तिची ऊब, तिचा वास पिल्लांना हवाच आहे. तुम्ही फक्त दुधाची बाजू सांभाळायची. ती आडवी झालेली असताना, जेवल्यानंतर शांत असताना, एकेक पिल्लू चांगल्या सडापाशी ठेवून बघा. गुरगुरली की उचलून घ्या, जबरदस्ती नको.

घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी तिला देऊ नका. पॅरासिटामोल तर मांजराचा जीव घेते, अर्धी गोळीसुद्धा. गाठीवर कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाचा शेक चालेल, तोही तिनं करू दिला तर. आणि ती एकाएकी थरथरू लागली, पाय ताठ करून चालू लागली, धापा टाकू लागली, तर अंगातलं कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तिला नेताना जाड चादरीत गुंडाळून पिशवीत किंवा झाकणाच्या टोपलीत घाला. दुखऱ्या मांजरीचा चावा लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुऊन लगेच माणसांच्या दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. बाहेर हिंडणारी मांजर आहे, यात चालढकल करू नका.

आता दूध. सासूबाईंनी जे केलं ते मायेनं केलं, आणि बोळ्यानं पाजून जगलेली पिल्लं त्यांनी पाहिलीही असतील. पण गाईचं दूध या पिल्लांना पुरत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात. गाईच्या दुधातून मिळणाऱ्या ताकदीच्या मानानं त्यात दुग्धशर्करा मात्र जास्त, आणि ती न पचल्यामुळे जुलाब होतात. त्यात पाणी घातलं की उरलंसुरलं पोषणही पातळ होतं. पोट टम्म दिसतं, पिल्लू झोपतं, आपल्याला वाटतं भागलं, आणि वजन मात्र जागेवरच असतं. माणसाच्या बाळाची दूध पावडरही चालत नाही, तिच्यात प्रथिनं कमी पडतात. मांजरांच्या पिल्लांसाठी म्हणून वेगळी दूध पावडर मिळते, मिल्क रिप्लेसर म्हणून मागा. सांगली-मिरजेच्या पेट शॉपमध्ये किंवा डॉक्टरांकडे विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. पावडर हाती येईपर्यंत एखाद-दोन वेळा शेळीचं दूध उकळून, कोमट करून, पाणी न घालता देता येईल. पण शेळीच्या दुधातही दुग्धशर्करा गाईच्या दुधाएवढीच असते, तेव्हा त्यावर दिवस काढू नका.

पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानंच कालवा. घट्ट केलं की पिल्लू लवकर वाढेल हा समज सोडा, घट्ट दुधानं आतडी अडतात. उकळून कोमट केलेलं पाणी वापरा. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि पिल्लाच्या तोंडाला लागलेलं उरलं तर टाकून द्या. पाजताना वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून दूध कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर गार किंवा गरम काहीच जाणवलं नाही की ते बरोबर.

किती द्यायचं ते वजनावर ठरतं, त्यामुळे स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आजपासून पिल्लांचा समजा. १०० ग्रॅम वजनामागे दिवसभरात साधारण २० ते २५ मिली दूध लागतं, आणि एका वेळी पोटात १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या आसपास सहज मावतं. म्हणजे पिल्लू १५० ग्रॅमचं असेल तर एका वेळी ६ मिली, दिवसाला ३० ते ३७ मिली. या वयाच्या पिल्लाला साधारण तीन ते चार तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. अशक्त पिल्लाला दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. ११ दिवसांचं पिल्लू २०० ग्रॅमच्या आसपास असायला हवं. तुमची त्याहून पुष्कळ कमी भरली तर घाबरून दूध दुप्पट करू नका, वाढ हळूहळूच भरून निघते. तुमची मुलगी शाळेत जाणारी असेल तर तिच्या वहीचं एक पान यासाठी मागा : तिन्ही पिल्लांची नावं, रोज एकाच वेळी केलेलं वजन. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

बोळा मात्र बंद करा. कापसाचे धागे पोटात जातात, किती दूध गेलं ते कळत नाही, आणि पिल्लू दुधापेक्षा हवाच जास्त ओढतं. पिल्लांसाठीची छोटी बाटली मिळाली तर उत्तम. तिच्या बुचाला इतकंच बारीक भोक हवं की बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबानं गळेल, धार लागता कामा नये. नाहीतर औषधाच्या दुकानातून २ मिलीच्या सिरिंज आणा आणि सुई काढून टाका.

पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. हे मी ज्याला त्याला सांगत असते, आणि तरी फोटो येतात ते उताण्या पिल्लांचेच. पिल्लू पोटावर, चारही पाय खाली, आईच्या पोटाशी असताना असतं तसं ठेवा. मांडीवर घडी केलेला रुमाल घाला, त्यात नखं रोवायला त्याला आवडतं. डोकं सरळ किंवा किंचित वर, मागे वाकवायचं नाही. सिरिंजचं टोक तोंडाच्या बाजूच्या कोपऱ्यातून जिभेवर टेकवा आणि एक थेंब सोडा. गिळलं की दुसरा. दट्ट्या आपण दाबायचा नाही, पिल्लाच्या ओढीनं तो सरकायला हवा. नीट पिणाऱ्या पिल्लाचे कान प्रत्येक घोटाला मागेपुढे हलतात. नजर त्या कानांवर ठेवा. कान हलायचे थांबले, की थांबा. जीभ पन्हळीसारखी वळून बुचाला धरते, पुढचे पंजे हवेत कणीक तिंबल्यासारखे चालतात. हे दिसलं की पिल्लू रुळलं समजा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबवा, तोंड खाली करून नाक पुसून घ्या, आणि पुढचे दोन दिवस श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वासाला खरखर, नाकातून बुडबुडे किंवा दूध नाकारणं, यातलं काहीही दिसलं तर ते फुप्फुसात उतरलंय असं धरून दवाखाना गाठा. पिऊन झाल्यावर पिल्लाला खांद्याशी उभं धरून पाठीवर दोन बोटांनी हळू थोपटा.

आणि एवढ्यावर पाजणं संपत नाही. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. तुमची मांजर रात्री चाटते, पण दिवसा काय? म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं शेपटीखाली हलक्या हातानं पुसत राहा. शू बहुतेक दरवेळी होते, शी दिवसातून एखाद-दोनदा. कापसावरचा रंग बघायची सवय लावा. शू जवळजवळ पाण्यासारखी फिकी असेल तर पाणी पुरेसं जातंय, गडद पिवळी असेल तर कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट असावी. पातळ शी होणाऱ्या पिल्लाला गाईचं दूध बंद केल्यावरही एका दिवसात उतार पडला नाही, किंवा ते सुस्त झालं, तर डॉक्टरांकडे न्या. एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत संपतं. खोकं पुसायला फिनाइल, डेटॉल असं पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं काहीही वापरू नका. मांजरं स्वतःला चाटतात, ते त्यांच्या पोटात जातं आणि विषारी ठरतं. कपडे बदला, साबणाच्या गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, दूधपोळीचा. तीन आठवडे ही वेळ लवकरच आहे. तेव्हा पुढचे दात नुकते वर आलेले असतात आणि पोट दुधापलीकडचं काही पेलत नाही. चौथा आठवडा पुरा होत आला, पिल्लू पायांवर नीट चालू लागलं, सुळे लागू लागले आणि बाटलीचं बूच चोखण्याऐवजी चावू लागलं, की ते अन्नासाठी तयार झालं. तुमचं सगळ्यात लहान पिल्लू भावंडांच्या मागे राहील. त्याला आठवडाभर उशीर झाला तरी चालेल, त्याच्या वजनाकडे बघा, कॅलेंडरकडे नको.

आणि पोळीबद्दल मी स्पष्टच लिहिते, कारण तुम्ही आणि सासूबाई या पिल्लांसाठी रात्री जागताय. मांजर शाकाहारावर जगू शकत नाही. कुत्रं भाकरीवर कसंबसं निभावतं, मांजराचं शरीर तसं घडलेलंच नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ते कमी पडलं तर मांजराच्या हृदयाचा स्नायू ढिला पडतो. ते कमी पडल्यानं डोळ्यांचा पडदाही खराब होतो. माणूस गाजरातून अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला तेही जमत नाही. दूधपोळीवर वाढलेलं पिल्लू काही महिने गोंडस दिसतं, आणि मग त्याची वाढ खुंटते. तुमच्या पाजणाऱ्या मांजरीचंही तेच झालं असावं. तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागतं, आणि तिच्या ताटलीत पोळी आहे. दूध येणार कुठून?

तुमच्या घराच्या चालीरीतींना धक्का न लावता यातून वाट निघते. घरात मांस शिजवायची गरज नाही. पिल्लांसाठीचं तयार सुकं खाणं, किटन फूड, बंद पाकिटात येतं, त्याला फ्रिज लागत नाही. ते मागच्या दाराशी वेगळ्या डब्यात ठेवा, मांजरांची ताटली आणि चमचा वेगळा ठेवा, धुणं बाहेरच्या नळावर करा. मी ओळखते त्या कित्येक शाकाहारी घरांनी, त्यात अगदी सोवळं पाळणारीही आहेत, हे असंच बसवून घेतलंय. सासूबाईंना सांगा, गाईला आपण कडबा घालतो, आपलं जेवण तिच्यापुढे ठेवत नाही; तसंच हे मांजराचं अन्न आहे. तेच किटन फूड आजपासून आईलाही भरपूर द्या, आणि पाण्याची वाटी कायम भरलेली ठेवा. एवढं करूनही ते घरात नकोच असं ठरलं, तर पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर ती मांसाहारी घरात द्या. पण पोळीवर वाढवू नका.

अन्न सुरू करताना किटन फूडचे दाणे त्याच दुधाच्या पावडरीच्या कोमट दुधात भिजवून बोटांनी पेजेसारखे मऊ कुस्करा. उथळ ताटली घ्या, चहाच्या बशीएवढी. पिल्लाचं डोकं धरून ताटलीत दाबायचं नाही, पेज नाकात जाते. बोटाला थोडं लावून ओठाला टेकवा, ते चाटेल, मग बोट हळूहळू ताटलीकडे न्या. पहिले काही दिवस पिल्लं ताटलीत चालतात, बसतात, एकमेकांना माखतात. ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडी करा, ओलं अंग म्हणजे पुन्हा गारठा. सुरुवातीला दिवसातून दोनदा ताटली ठेवा आणि बाकीच्या वेळी दूध पाजणं चालू ठेवा. बहुतेक घरांत ताटली आली की बाटली एकदम बंद होते, आणि त्याच आठवड्यात वजन कोसळतं. पिल्लू ताटलीतून खरंच पोटभर खातंय हे काट्यावर दिसलं, की मग एकेक पाजणं कमी करा. पेज हळूहळू घट्ट करत सहाव्या आठवड्यापर्यंत नुसते भिजवलेले दाणे आणि सात-आठ आठवड्यांपर्यंत कोरडे दाणे आणि पाणी, असा हा प्रवास आहे. मांजर पुन्हा पाजू लागली असेल तर फारच चांगलं, दोन्ही चालू द्या. ताटली सुरू झाली की शेजारी उथळ वाटीत पाणी आणि कोपऱ्यात कमी उंचीच्या ट्रेमध्ये कोरडी वाळू ठेवा. खाऊन झाल्यावर पिल्लाला वाळूत नेऊन ठेवा, ते उकरायला लागतं.

तुमच्याकडे मांसाहार चालणाऱ्या कुणी शेजारणीनं मायेनं रस्सा किंवा सुकट आणून दिली तर नको म्हणा. कांदा-लसूण मांजराचं रक्त बिघडवतात आणि सुकटीत मीठ फार असतं. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन चालतं, पण वरखाऊ म्हणूनच. नुसत्या मांसावर ठेवलेल्या पिल्लाची हाडं कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात.

बाकीचं थोडक्यात. तिसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. पिसवा असतील तर बारीक दातांच्या फणीनं काढा, कारण पिसवांनी भरलेल्या पिल्लाचं रक्त कमी होतं. पण कुत्र्यांचं पिसवांचं औषध लावू नका, त्यात असणारं परमेथ्रिन मांजरांना मारक असतं. लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनी. तुमच्या पिल्लांना पहिल्या दिवशीचा चीक मिळालाय, ही त्यांच्या बाजूची गोष्ट आहे. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत कुणालाही देऊ नका, कितीही मागणी आली तरी. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांचे हात लागलेली पिल्लं पुढे माणसाळलेली राहतात, तेव्हा मुलीला रोज थोडा वेळ त्यांच्याशी खेळू द्या.

सगळ्यात लहान पिल्लाबद्दल मी तुम्हाला खात्री देणार नाही. ११ दिवसांचं, गार पडलेलं, आवाज गेलेलं पिल्लू सगळं नीट करूनही कधी कधी जातं. मुलीला हे आधी सांगून ठेवा.

मांजरीच्या नसबंदीचं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. पाजणारी मांजरही पुन्हा माजावर येते आणि पिल्लं दूध पीत असतानाच गाभण राहू शकते. त्यामुळे पिल्लं सुटून दूध आटेपर्यंत तिला बोक्यांपासून जपा, घरात ठेवता आलं तर घरातच ठेवा. त्यानंतर लगेच शस्त्रक्रिया उरकून घ्या. आणि तिन्ही पिल्लांची आजची वजनं मला कळवा, त्यावरून प्रत्येकाला एका वेळी किती मिली द्यायचं ते लिहून पाठवते.